एफडीचं कार्ड सात महिन्यांचं, स्कोअर ७४१: पुढच्या कार्डासाठी अर्ज कधी करावा?

प्रश्न थोडक्यात असा: वय २४, पहिल्याच नोकरीला सव्वा वर्ष झालंय, हातात येणारा पगार ३८ हजार. दहा महिन्यांपूर्वी मोबाइल बारा हप्त्यांवर घेतला, महिना अडीच हजार. त्याचे दोन हप्ते राहिलेत. सात महिन्यांपूर्वी २० हजारांची एफडी ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घेतलं, लिमिटही तेवढंच. कार्डावर महिन्याला १४ हजारांच्या आसपास खर्च होतो आणि बिल दर वेळी पूर्ण भरलं जातं. ॲपवर क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचा आकडा, ७४१ दिसतो. आता एक कॅशबॅकचं आणि एक विमानतळावरच्या लाउंजचं अशी दोन कार्डं एकदम मागावीत, की थांबावं? दोन वर्षांनी गृहकर्ज काढायचा विचार आहे.

आधी उत्तर देतो. दोन्ही एकदम नकोत. पहिल्यासाठीसुद्धा एफडीच्या कार्डाला वर्ष पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आणखी चार-पाच महिने थांबलात तर जास्त पदरात पडेल. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

७४१ हा आकडा चांगला की वाईट, यावर बहुतेकांचं घोडं अडतं. पण ७४१ दोन खात्यांच्या दहा महिन्यांवरूनही येतो आणि सहा खात्यांच्या दहा वर्षांवरूनही येतो. फलंदाजाची तीन डावांतली सरासरी आणि शंभर डावांतली सरासरी एकच असली तरी निवड समिती दोघांकडे सारख्या नजरेने बघत नाही, तसंच आहे हे. अर्ज तपासणारा माणूस किंवा संगणक स्कोअर बघतो, पण लगेच खाली सरकून खाती किती, सर्वांत जुनं कधीचं, त्यातलं विनातारण किती, आणि गेल्या सहा महिन्यांत या माणसाने किती ठिकाणी हात पसरलेत, हेही बघतो. तुमचा खरा प्रश्न म्हणूनच ‘स्कोअर पुरेसा आहे का’ असा नसून ‘माझा क्रेडिट अहवाल, म्हणजे माझ्या कर्जांची आणि कार्डांची नोंद, बँकेच्या शंकांना उत्तर देण्याइतका जाड झालाय का’ असा आहे. सध्या तो बारीक आहे. त्यात तुमचा दोष काही नाही, फक्त वेळ झालेला नाही.

आता हे ७४१ नेमकं कुणाचं, तेही बघून घ्या. आपल्याकडे कर्जाची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या (पुढे नुसतं ‘माहिती कंपनी’ म्हणतो) आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींचेही स्कोअर ३०० ते ९०० मध्येच असतात, पण हिशेब ज्याचा त्याचा. लोक सरसकट सगळ्याला ‘सिबिल’ म्हणतात, आणि ॲपवर फुकट दिसणारा स्कोअर बऱ्याचदा भलत्याच कंपनीचा असतो. इतिहास कोवळा असताना दोन कंपन्यांच्या आकड्यांत तीस-चाळीस गुणांचा फरक पडला तरी नवल नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. तो त्यांच्या संकेतस्थळावरून थेट काढा, ॲपवरचा गोल काटा बघून समाधान मानू नका. आणि चौघींचे एकाच दिवशी काढून टाकू नका. दर तीन महिन्यांनी एकीचा काढलात तर वर्षभर नजर राहते. स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने स्कोअर एका गुणानेही घसरत नाही.

अहवाल हातात आला की आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि मोबाइल नंबर तपासा. जुना नंबर राहिला असेल तर तो बदलून घ्या, कारण तुमचा अहवाल एखाद्या बँकेने उघडला की कंपनीकडून एसएमएस किंवा ईमेल येतो, आणि तो चुकीच्या नंबरवर गेला तर काय उपयोग. मग खात्यांच्या भागात या. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची एक पट्टी असते, त्यात प्रत्येक महिन्याला किती दिवस थकबाकी होती ते लिहिलेलं असतं. ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ म्हणजे वेळेवर. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही एवढाच त्याचा अर्थ. पण सातपैकी तीन महिने असे असतील तर तुमचा सात महिन्यांचा इतिहास प्रत्यक्षात चारच महिन्यांचा दिसतोय, हे लक्षात घ्या. खात्याच्या प्रकारात तुमच्या कार्डासमोर बहुधा ‘सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड’, म्हणजे तारणावरचं कार्ड, असं असेल. हा शब्द महत्त्वाचा आहे. एफडीवरचं कार्ड दिलं यात बँकेने काहीच जोखीम घेतलेली नसते. तुम्ही बुडवलंत तर ती ठेव मोडून घेईल. म्हणून दुसरी बँक त्यावरची परतफेड जमेस धरते, पण विनातारण कार्डाइतकं वजन देत नाही.

आता थांबण्याचा हिशेब. आज तुमच्याकडे दोन खाती आहेत, १० महिन्यांचं आणि ७ महिन्यांचं. सरासरी वय साडेआठ महिने. आज एक कार्ड आलं तर सरासरी ५.७ महिन्यांवर येते, दोन आली तर सव्वाचारवर. पाच महिन्यांनी एकच घेतलंत तर खाती १५, १२ आणि शून्य महिन्यांची, सरासरी ९. म्हणजे नवीन कार्ड आल्यावरही आजच्यापेक्षा चित्र चांगलं. ज्याच्याकडे दहा वर्षांची सहा खाती आहेत त्याला एका नव्या कार्डाने फरक पडत नाही, तुम्हाला पडतो.

घाईचा दुसरा तोटा कमी लोकांच्या ध्यानात येतो. नकार आला तर निदान कळतं तरी. पण बारीक इतिहासावर मंजुरी मिळाली, तर कार्ड मिळतं आणि लिमिट मिळतं २५-३० हजार. मग ते वाढवायला वर्षभर थांबा. शिवाय बऱ्याच बँका दुसऱ्या बँकेच्या कार्डाकडे बघून आपलं लिमिट ठरवतात, याला धंद्यात ‘कार्ड-टू-कार्ड’ म्हणतात: तुमच्या हातातलं विनातारण कार्ड निदान सहा महिने ते वर्षभर जुनं हवं आणि त्याचं लिमिट अमुक इतकं हवं, मग पगाराच्या स्लिपाही फार विचारत नाहीत. पहिलंच विनातारण कार्ड तुटपुंज्या लिमिटचं आलं की पुढची कार्डंही तशीच येत जातात. ७५ हजारांनी सुरुवात झाली तर पुढचा सगळा रस्ता सोपा. चार महिने थांबण्याची किंमत ही अशी वसूल होते.

दरम्यान करायचं काय? तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी दुरुस्ती मला दिसते ती वापराच्या प्रमाणात. २० हजारांच्या लिमिटवर १४ हजार खर्च, म्हणजे ७० टक्के. ‘मी तर पूर्ण बिल भरतो’ हे बरोबर, आणि त्यामुळे व्याज लागत नाही हेही बरोबर. पण बँकेकडून माहिती कंपनीला जी बाकी कळवली जाते ती भरण्याआधीची असू शकते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती महिन्याला एकदा नव्हे तर निदान दर पंधरवड्याला कळवायची असं ठरलं. त्यामुळे कुठल्या दिवशीची बाकी अहवालात उतरते हे बँकेगणिक बदलतं. अहवालातली ‘कळवल्याची तारीख’ आणि त्यासमोरची बाकी तुमच्या बिलाशी ताडून बघितलीत की तुमच्या बँकेची सवय कळेल. तिथे १४ हजार दिसत असतील तर बघणाऱ्याला एवढंच कळतं की हा माणूस कार्ड गळ्यापर्यंत वापरतो.

उपाय साधा आहे. समजा बिल १२ तारखेला तयार होतं. ९ किंवा १० तारखेलाच बँकेच्या ॲपवरून १० हजार भरून टाका. १२ तारखेच्या बिलात चारेक हजार येतील, म्हणजे २० टक्के. ते मुदतीच्या आत पूर्ण भरा. महिनाअखेरीला बाकी पुन्हा फुगत असेल तर २८-२९ तारखेला आणखी एकदा. ३० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात तो कायदा नाही, ठोकताळा आहे. १० टक्क्यांच्या आत राहिलात तर अधिक चांगलं. अर्ज करण्याआधीचे निदान तीन महिने हे काटेकोर पाळा. आदल्या महिन्यात बाकी कमी केली तरी स्कोअर बऱ्यापैकी वर येतो, पण काही बँका मागच्या महिन्यांचा कलही बघतात.

याहून चांगला उपाय हवा असेल तर एफडी वाढवा. ३० हजार बाजूला असतील तर त्याच कार्डावर लिमिट ५० हजार करता येतं का ते बँकेला विचारा. काही बँका करून देतात, काही नवीन ठेव आणि नवीन कार्डच घ्या म्हणतात. दुसरा प्रकार असेल तर नको, कारण तेही नवीन खातंच झालं. लिमिट ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मिळतं, तेही बँकेवर आहे. ५० हजारांवर १४ हजार म्हणजे २८ टक्के. खर्च तोच, चित्र वेगळं. आणि ठेवीवर व्याज चालू असतंच.

मोबाइलचे दोन हप्ते संपू द्या. कर्ज फेडून बंद झालेलं खातं ही बारीक अहवालातली सगळ्यात बोलकी नोंद असते: याने घेतलं, पूर्ण फेडलं, विषय संपला. पण ती नोंद आपोआप नीट होईल असं धरून चालू नका. शेवटचा हप्ता गेल्यावर वित्त कंपनीकडून ‘नो ड्यूज’ (काही देणं उरलेलं नाही असं) पत्र मागून घ्या आणि महिन्याभराने अहवालात खातं ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसतेय का ते बघा. शेवटच्या हप्त्याच्या वेळी काही किरकोळ शुल्क राहून गेलं, म्हणून दीडशे रुपयांसाठी खातं महिनोन् महिने थकीत दिसतंय, अशी प्रकरणं सतत येतात. चूक असेल तर माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, सोबत ते पत्र जोडा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते. तरीही नाहीच झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या माहिती कंपन्याही लोकपाल योजनेत आल्या आहेत.

आणि हा मोबाइल संपला म्हणून लगेच टीव्ही हप्त्यांवर घेऊ नका. ‘शून्य व्याज’ असलं तरी ते कर्जच. हप्त्याच्या कार्डावरची प्रत्येक खरेदी वेगळं कर्ज म्हणून नोंदली जाऊ शकते. खरेदीच्या ॲपवरचं ‘नंतर पैसे द्या’ हेही बऱ्याचदा एखाद्या वित्त कंपनीचं छोटं वैयक्तिक कर्ज असतं. एक टिचकी मारली की अहवालात एक चौकशी आणि एक खातं वाढतं. दोन-दोन हजारांची पाच कर्जं असलेला अहवाल जाड दिसत नाही, ओढगस्तीतला दिसतो.

चौकशीवरून गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं थांबून सांगतो. तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा अहवाल मागवते आणि तशी नोंद अहवालाच्या शेवटच्या भागात पडते: बँकेचं नाव, तारीख, कशासाठी, किती रकमेसाठी. एका नोंदीने फार बिघडत नाही, थोडे गुण जातात आणि काही महिन्यांत भरून येतात. बिघडतं ते तीन महिन्यांत चार-पाच नोंदी आणि नवीन खातं मात्र एकही नाही, अशी स्थिती असेल तर. याचा सरळ अर्थ, चौघांनी बघून सोडून दिलंय. पाचवा कशाला पुढे येईल? मॉलमधल्या स्टॉलवर किंवा फोनवरच्या एजंटला पॅन आणि ओटीपी दिलात तर तो एकाच कागदपत्रांवर दोन-तीन बँकांत अर्ज टाकू शकतो. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर ‘पात्रता तपासा’ दाबण्याआधी खाली बारीक अक्षरात कुणाकुणाला संमती देताय ते वाचा. सगळ्याच ठिकाणी अशी नोंद पडते असं नाही, काही ठिकाणी वरवरची तपासणीच होते. पण वाचल्याशिवाय ते कळणार नाही.

आता तो अपवाद. ज्या बँकेत तुमचा पगार जमा होतो, तिच्या नेटबँकिंगमध्ये ‘प्री-अप्रूव्ह्ड’, म्हणजे बँकेने आधीच मंजूर करून ठेवलेलं, कार्ड दिसतंय का ते बघा. ही बँक तुमचा पगार सव्वा वर्ष महिन्याच्या महिन्याला बघतेय, महिनाअखेरीला खात्यात किती उरतं तेही तिला ठाऊक आहे. बाहेरच्या अहवालात नसलेली माहिती तिच्याकडे आहे. तिथे लिमिट आधीच लिहिलेलं असेल आणि ते निदान एका पगाराएवढं, म्हणजे ३८-४० हजारांच्या वर असेल, तर आजही घ्यायला हरकत नाही; मंजुरीची शक्यता चांगली आणि विनातारण खात्याचं घड्याळ आजच सुरू होतं. तेव्हाही अहवालाची चौकशी पडू शकते, ती पडू दे. मात्र ‘तुम्ही पात्र ठरू शकता’ असा नुसता मोघम एसएमएस म्हणजे प्री-अप्रूव्ह्ड नव्हे, ती जाहिरात. फोनवरची ‘सर, लाइफटाइम फ्री आहे’ हीसुद्धा.

हे सगळं तुमच्या परिस्थितीला धरून आहे. नोकरी बदलायच्या बेतात असाल तर नव्या ठिकाणचे तीन पगार खात्यात पडेपर्यंत अर्ज करू नका. बँक शेवटच्या तीन स्लिपा आणि खात्याचा उतारा मागते, आणि परिविक्षेतल्या (प्रोबेशनवरच्या) माणसाकडे काही बँका वेगळ्या नजरेने बघतात. स्वतःचा व्यवसाय असेल तर पगाराच्या जागी साधारण दोन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं येतात. तिथे स्कोअरपेक्षा विवरणपत्रातलं उत्पन्नच आडवं येतं. कुणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या अहवालात दिसतं आणि त्याने हप्ता थकवला तर फटका तुम्हालाही बसतो. पीककर्ज आणि सोनेतारण कर्जही इतिहासात मोजलं जातं. याउलट पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे तिथली वर्षानुवर्षांची चोख परतफेड अहवालात असेलच असं नाही. घरच्यांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड वापरत असाल तर तो स्वतःचा इतिहास आहे असं समजू नका. बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. आणि काही पिनकोडवर काही बँका कार्ड देतच नाहीत, त्याला तुमचा स्कोअर काय करणार.

ज्यांच्याकडे काहीच इतिहास नाही, ज्यांच्या अहवालात -१ किंवा ‘एनएच’ येतं, त्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवतो: पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. पण याचा अर्थ कार्ड द्यायलाच हवं असा नाही. उत्पन्न, नोकरी, पत्ता यांवरून बँक नाही म्हणू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्रेडिट कार्डावरच्या येणे रकमेचा जोखीमभार (त्या रकमेसाठी बँकेने किती भांडवल राखायचं ते ठरवणारं माप) बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के झाला, तेव्हापासून विनातारण कार्डं देताना बँका हात आखडता घेतात, हेही ध्यानात असू द्या. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी मित्राला ज्या पगारावर कार्ड मिळालं त्याच्याशी तुलना नको.

कोणतं कार्ड आधी? तुमच्या खर्चाला कॅशबॅकचं. महिना १४ हजारांवर १ टक्का धरला तर वर्षाला १,६८० रुपये. वार्षिक शुल्क हजार असेल तर जीएसटीसह १,१८० गेले, उरले पाचशे. म्हणजे शुल्क नसलेलं किंवा ठरावीक खर्चावर माफ होणारं कार्डच परवडतं. लाउंजसाठी आता बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केल्याची अट असते. तुमचा तिमाहीचा सगळा खर्च ४२ हजार. तो दोन कार्डांत विभागलात तर एकाचीही अट पुरी होणार नाही. वर्षातून दोनदा विमानाने जाणाऱ्याने फुकटच्या नाश्त्यासाठी अहवालाचं वय कमी करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचं वेळापत्रक मी असं लावेन. पहिले दोन महिने: हप्ते संपवा, पत्र घ्या, बाकी ३० टक्क्यांच्या आत आणा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पूर्ण अहवाल काढून नोंदी जागेवर आल्या का ते बघा. पाचव्या महिन्यात एकच अर्ज, शक्यतो पगाराच्या बँकेत. तो मंजूर झाला तर दुसरं कार्ड बाराव्या महिन्याच्या आसपास, तेही तोवर गरज वाटत असेल तरच. अठराव्या महिन्यानंतर गृहकर्ज हातात पडेपर्यंत कार्ड, हप्ता, ‘नंतर पैसे द्या’, काहीही नवीन नाही. गृहकर्ज देणारी बँक मंजुरीच्या वेळी अहवाल बघते आणि पैसे देण्याआधी पुन्हा बघू शकते. काही बँका कार्डावरच्या बाकीचे ५ टक्के तुमचा मासिक हप्ता म्हणून धरतात. एक लाख बाकी दिसली तर पाच हजारांचा हप्ता चालू आहे असं समजून त्या प्रमाणात कर्जाची रक्कम कमी होते. तेव्हा त्या दोन-तीन महिन्यांत बाकी जवळजवळ शून्यावर ठेवा.

अर्ज फेटाळला गेला तर? लगेच दुसऱ्या बँकेत धावू नका. नकाराचं नेमकं कारण बँकेने लेखी द्यायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार’ एवढंच आलं तर ईमेलने पुन्हा विचारा. कारण पत्त्याच्या पडताळणीचं किंवा पॅन आणि आधारवरच्या नावांतल्या फरकाचं असेल तर ते दुरुस्त करून दुसरीकडे अर्ज करायला फार दिवस लागत नाहीत. इतिहास कमी पडला असेल तर सहा महिने शांत बसा. त्याच बँकेत पुन्हा अर्ज करण्यासाठी बऱ्याच बँकांची स्वतःची थांबण्याची मुदत असते, ती आधी विचारून घ्या.

नवीन कार्ड आल्यावर बिघडतं ते दोन ठिकाणी. ऑटो-पे लावताना पर्याय दोन दिसतात, ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. घाईत किमान निवडलं जातं, मग बिलाचा छोटासा हिस्साच भरला जातो आणि उरलेल्यावर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. त्यातच नवीन खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुसरं म्हणजे न वापरलेलं कार्ड. पाकिटात पडून असतं, वार्षिक शुल्काचे ५९० रुपये बिलात येतात, ईमेल कुणी उघडत नाही. मुदतीनंतर तीन दिवसांपर्यंत बँकेला थकबाकी कळवता येत नाही, पण त्यानंतर येते. ५९० रुपये असोत की ५९ हजार, पट्टीतली नोंद थकबाकीचीच. कार्ड आलं पण नकोसं वाटलं तर ते सुरूच करू नका: सुरू करण्याआधी बँक ते माहिती कंपनीला कळवू शकत नाही, आणि तीस दिवसांत सुरू केलं नाही तर बँकेने तुमची ओटीपीने संमती मागायची असते, ती दिली नाही तर खातं विनाशुल्क बंद करायचं असतं.

राहता राहिलं एफडीचं कार्ड. नवीन आलं की हे बंद करायची घाई बहुतेकांना असते, कारण ठेव अडकलेली असते. विनातारण कार्डाला निदान वर्ष होऊ द्या, आणि शक्य असेल तर गृहकर्ज होईपर्यंत हे चालू ठेवा. महिन्याला एखादं वीजबिल किंवा फोनचं रिचार्ज त्यावर टाकलं तरी पुरे. वर्षभर अजिबात वापरलं नाही तर बँक स्वतःहून कळवून ते बंद करू शकते. पुढे कधी बंद करायचं ठरवलंत तर आधी बाकी शून्य करा, जमलेले पॉइंट वापरून टाका, त्यावर चालू असलेली वर्गणीची ऑटो-पेमेंट दुसरीकडे वळवा आणि मग लेखी विनंती करा. सगळी देणी फिटलेली असतील तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर केला तर दिवसाला पाचशे रुपये तिने तुम्हाला द्यायचे. ठेवीवरचा बोजा उतरल्याची पावती वेगळी मागा. कार्ड बंद झालं तरी तो आपोआप उतरतोच असं नाही, आणि मग ठेव मोडायला गेल्यावर शाखेत पुन्हा पहिल्यापासून कागदपत्रं सुरू होतात.